वाचकांचे प्रश्न : सोडायचे आहे, पण सोडवत नाही

मोठ्या कंपन्यांची अ‍ॅप आणि सेवा सोडून दुसरीकडे जाता येते का, आणि येत नसेल तर अडते कुठे, या विषयावर विदर्भातील वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी पाच पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रांतील मुद्द्याचा भाग तेवढा ठेवला असून नावे वगळली आहेत.

प्रश्न : मी दारव्हा तालुक्यातील एका गावात महिला बचत गटाची सचिव आहे. गटाचा आणि ग्रामसंघाचा सगळा निरोपांचा व्यवहार व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर चालतो. एका प्रशिक्षणात खासगी माहितीच्या सुरक्षेबद्दल ऐकले, म्हणून मी पुढाकार घेऊन सगळ्यांच्या मोबाईलवर सिग्नल हे निरोपांचे दुसरे अ‍ॅप टाकून दिले आणि तिथे नवा ग्रुप केला. पहिल्या दिवशी सगळ्यांनी नमस्कार टाकले. पुढे मी बैठकीची सूचना नव्या ग्रुपवर टाकली, की कुणीतरी तिचा स्क्रीनशॉट काढून जुन्या ग्रुपवर टाकायची. ‘इथंच टाक ना वं बाई, तिथं कोन पाह्यते?’ असे सगळ्या म्हणू लागल्या. थोड्याच दिवसांत नवा ग्रुप ओस पडला. लोकांना आपले हित कळत नाही, की माझेच सांगणे कमी पडले?

उत्तर : ताई, तुमचे सांगणे कमी पडलेले नाही आणि तुमच्या गटातील महिलांना आपले हित कळत नाही असेही नाही. त्यांच्या जागी बसून पाहिले, तर त्यांनी केले ते शहाणपणाचेच होते. हे आधी मान्य केले नाही, तर आपण लोकांना दोष देत बसतो आणि खरी अडचण जिथल्या तिथे राहते. म्हणून तुमच्या प्रश्नाला मी सर्वांत जास्त जागा देत आहे.

निरोप देण्याघेण्याच्या साधनाची किंमत त्यावर कोण कोण आहे यावरून ठरते. अमेरिकेतील एटी अँड टी या टेलिफोन कंपनीचे अध्यक्ष थिओडोर व्हेल यांनी १९०८ च्या वार्षिक अहवालात लिहिले होते, की दुसऱ्या टोकाला जोडणी नसलेला टेलिफोन ही जगातील अत्यंत निरुपयोगी वस्तूंपैकी एक आहे. आपल्याकडच्या आठवडी बाजाराला हेच लागू पडते. बाजाराची जागा चिखलाची असते, सावली नसते, गाडी लावायला जागा मिळत नाही, तरी ठरलेल्या वारी सगळे तिथेच जातात. कुणी दुसऱ्या वारी, पत्र्याच्या शेडखाली, पाण्याची सोय करून नवा बाजार भरवला, तर भाजीवाली म्हणेल की गिऱ्हाईक येत असेल तर मी येते, आणि गिऱ्हाईक म्हणेल की माल येत असेल तर मी येतो. दोघांचेही बरोबर असते, आणि दोघांची भेट पुन्हा जुन्याच बाजारात होते. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत या ओढीला ‘नेटवर्क परिणाम’ असे नाव आहे.

आता तुमच्या गटातील एखाद्या महिलेच्या बाजूने हिशेब मांडून पाहू. ती एकटी नव्या अ‍ॅपवर गेली, तर मुलाच्या शाळेच्या सूचना, अंगणवाडीतील लसीकरणाची तारीख, कृषी सहायकाने टाकलेला बोंडअळीचा सल्ला, माहेरच्या माणसांचे फोटो आणि गावातील मयतीचा निरोप हे सारे जुन्याच ठिकाणी येत राहणार. म्हणजे जुने अ‍ॅप तिला ठेवावेच लागते आणि नव्यामुळे तिचे काम कमी होण्याऐवजी वाढते. त्यातून तिचा मोबाईल पुष्कळदा मुलाने वापरून झाल्यावर तिच्या हाती आलेला असतो. जागा संपल्याची सूचना त्यावर रोज झळकत असते, चार्जिंग दुपारपर्यंतच टिकते, आणि काहीतरी काढून टाकायची वेळ आली की ज्यावर दोनच निरोप आलेले आहेत ते अ‍ॅप सर्वांत आधी जाते. ओटीपी ज्या सिमवर यायचा त्याचे रिचार्ज संपलेले असले, तर ते पुन्हा सुरू करणेही अडते. मग एखादी स्क्रीनशॉट काढून जुन्या ग्रुपवर टाकते, तेव्हा ती तुमच्या प्रयत्नात खोडा घालत नसते. बैठक कुणाची चुकू नये म्हणून ती धडपडत असते.

ही साखळी गावात कशी तयार झाली, तेही लक्षात घेण्यासारखे आहे. व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये सुरू झाले. त्याला ईमेल लागत नव्हता, पासवर्ड लागत नव्हता. मोबाईल नंबर पुरेसा होता आणि फोनमध्ये साठवलेली माणसे आपोआप समोर दिसत होती. ते साध्या नोकियावरही चालत असे. २०१३ मध्ये आलेल्या नोकिया आशा २१० या फोनला तर व्हॉट्सअ‍ॅपचे वेगळे बटणच दिलेले होते. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. २०१८ च्या सप्टेंबरात बटणांच्या जिओफोनवरही हे अ‍ॅप पोहोचले. ज्यांना टाइप करणे जमत नाही, त्यांना बोलून निरोप पाठवता येऊ लागला. मधल्या काळात, २०१४ मध्ये, फेसबुकने ते सुमारे १९ अब्ज डॉलरला विकत घेतले होते, आणि माझ्या मते त्या किमतीचा मोठा भाग या माणसांच्या साखळीसाठीच मोजलेला होता. नुसते अ‍ॅप तर कुशल मंडळी नव्याने बनवू शकली असती. आता शासनही या साखळीत आपल्या कड्या जोडत आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत राज्य शासनाने ‘आपले सरकार’च्या सेवा व्हॉट्सअ‍ॅपवर आणण्यासाठी मेटा (पूर्वीची फेसबुक) कंपनीशी करार केला. नागरिकाची सोय होईल हे खरे, पण ज्या दाराने शासन भेटते ते दार एका कंपनीच्या मालकीचे असेल, तर तिथून बाहेर पडणे आणखी कठीण होणार, हेही तितकेच खरे आहे. याची चिंता फारशी कुठे व्यक्त होताना दिसत नाही.

तुमच्या गटात जे घडले ते २०२१ मध्ये साऱ्या देशात घडले. त्या जानेवारीत व्हॉट्सअ‍ॅपने आपली माहिती फेसबुकला देण्याबाबतच्या नव्या अटी पुढे केल्या आणि त्या मान्य करायला ८ फेब्रुवारीची मुदत दिली. लोक बिथरले आणि सिग्नल व टेलिग्रामकडे एवढ्या संख्येने धावले, की १५ जानेवारीला सिग्नलची यंत्रणाच कोलमडली. व्हॉट्सअ‍ॅपने मुदत १५ मे पर्यंत वाढवली. तोवर बहुतेकांचे घरचे, शाळेचे आणि कामाचे ग्रुप जिथे होते तिथेच राहिले होते, आणि गेलेली माणसेही हळूहळू परतली. याच अटींवरून भारतीय स्पर्धा आयोगाने २०२४ च्या नोव्हेंबरात मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अटी मान्य करण्याखेरीज लोकांना खरा पर्याय दिलाच नव्हता, हा त्यातील आक्षेपाचा गाभा होता. ज्याला ‘तुम्ही स्वतः होकार दिलात’ असे म्हटले जाते, तो होकार अशा परिस्थितीतला होता, हे एका वैधानिक संस्थेने नोंदवले, ही मला महत्त्वाची गोष्ट वाटते.

आता तुम्ही काय करावे? सगळा ग्रुप उचलून नेण्याचा आग्रह सोडा आणि एक काम पूर्ण न्या. व्हॉट्सअ‍ॅपवरील निरोपांना जे कुलूप असते (पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज कुणाला ते वाचता येत नाहीत), ते सिग्नलच्याच मंडळींनी बनवलेल्या पद्धतीचे आहे, त्यामुळे बैठकीची वेळ किंवा सणाच्या शुभेच्छा तिथे राहिल्या तरी फारसे बिघडत नाही. कोण कुणाशी कधी बोलतो ही माहिती कंपनीकडे जमते, हा प्रश्न उरतोच. पण गावपातळीवर माहिती फुटते ती बहुधा आणखी साध्या वाटेने: कर्जाच्या अर्जासाठी ग्रुपवर टाकलेला आधार कार्डाचा किंवा पासबुकाचा फोटो पंधरा-वीस मोबाईलच्या गॅलरीत जाऊन बसतो आणि ते मोबाईल घरातील सगळेच हाताळतात. तेव्हा अध्यक्ष, सचिव, कोषाध्यक्ष आणि तुमच्या समुदाय संसाधन व्यक्ती एवढ्यांचाच ग्रुप सिग्नलवर ठेवा, निरोप ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी सोय त्यात सुरू करा, आणि कागदपत्रे फक्त तिथेच यायची, असा ठराव मासिक बैठकीत घेऊन कार्यवृत्ताच्या वहीत लिहा. चार जणींनी एका कामासाठी मिळून जाणे शक्य असते. ते काम दुसरीकडे कुठेच होत नाही असे झाले, की अ‍ॅप उघडण्याचे कारण उरते आणि ते टिकते. पुढे ग्रामसंघातील दुसऱ्या गटांच्या सचिवांनी तसेच केले, तर मोठा ग्रुप हलवण्याचा विचार तेव्हा करता येईल. त्या वेळी तारीख ठरवा आणि त्या दिवसापासून जुन्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनला लिहिता येईल अशी व्यवस्था करा. दोन्ही ग्रुप बरोबरीने चालू ठेवले, तर जुनाच टिकतो, हा अनुभव जवळजवळ सर्वत्र सारखा आहे.

प्रश्न : मी वाशिम जिल्ह्यातील निवृत्त शिक्षक आहे. शाळेतील कार्यक्रम, विद्यार्थी, पोळा, घरची लग्ने असे अनेक वर्षांचे फोटो गुगलवर साठले आहेत. आता जागा भरल्याची सूचना येते आणि दरमहा पैसे मागितले जातात. ईमेलही अडून राहण्याची भीती घातली जाते. पैसे द्यावेत, की सगळे काढून घ्यावे? काढायचे म्हटले तर कसे, हे कुणाला सांगता येत नाही.

उत्तर : गुरुजी, आपल्याला अडवून धरणारी गोष्ट वरच्या पत्रातल्यापेक्षा वेगळी आहे. तिथे माणसे तिकडे होती म्हणून जाता येत नव्हते. इथे आपलीच पुंजी तिकडे आहे आणि ती हलवणे जड आहे. २०२१ च्या मे अखेरपर्यंत थोडा दर्जा कमी करून ठेवलेले फोटो गुगल विनामूल्य आणि अमर्याद साठवत असे. १ जून २०२१ पासून नवे फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जाऊ लागले, आणि त्याच १५ जीबीत ईमेल व ड्राइव्हही बसतात. आधी फुकट जागा द्यायची, सवय लागू द्यायची, आणि साठा हलवता येणार नाही एवढा वाढला की दर लावायचा, हा धंद्याचा जुना मार्ग आहे. आपण फोटो तिथे ठेवले यात आपले काही चुकले नाही.

साठा काढून घेण्याची सोय गुगलने २०११ पासून ठेवलेली आहे आणि तिचे नाव टेकआउट आहे. त्यात फक्त फोटो निवडावेत आणि दोन-दोन जीबीच्या तुकड्यांत मागावेत; म्हणजे मध्येच वीज किंवा रेंज गेली तरी एकच तुकडा पुन्हा घ्यावा लागतो. तयार झालेल्या फायली काही दिवसच उपलब्ध असतात, म्हणून त्या केव्हा घेणार हे आधी ठरवून मगच मागणी नोंदवावी. फोटो काढल्याची तारीख पुष्कळदा शेजारच्या वेगळ्या छोट्या फायलीत येते. त्या फायली कचरा समजून पुसू नयेत.

सांगायला हे सोपे आहे. गावातल्या माणसापुढे खरी भिंत वेगळीच असते. रोज दीड जीबी डेटाच्या रिचार्जवर १५ जीबी उतरवायचे म्हटले, तर दहा दिवसांचा सगळा डेटा केवळ त्यातच जातो, आणि तेवढ्या फायली ठेवायला मोबाईलमध्ये जागा नसते. बाहेर पडण्याचा हक्क कागदावर असला, तरी ब्रॉडबँड आणि संगणक नसलेल्या घरात तो वापरता येत नाही, ही बाब शहरात बसून सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. तेव्हा वाशिमला किंवा अकोल्याला ब्रॉडबँड असलेल्या नातेवाइकाच्या घरी हे काम करावे. बाहेरच्या केंद्रावर आपल्या खात्याचा पासवर्ड टाकू नये. फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर उतरवावेत, एक स्वतःकडे आणि दुसरी मुलाकडे किंवा भावाकडे ठेवावी. दोन्ही प्रती उघडून पाहिल्यावरच गुगलवरचे, मुख्यतः २०२१ च्या जूननंतर चढवलेले, व्हिडिओ पुसावेत. पहिल्यांदा व्हिडिओच पुसावेत, कारण जागा बहुतांशी त्यांनीच व्यापलेली असते. एवढ्याने मासिक पैसे देण्याची वेळ बहुधा टळेल.

ईमेल मात्र लगेच सोडू नये. निवृत्तिवेतन, बँक, वीजबिल असे किती ठिकाणी तो पत्ता दिला आहे, हे एकदम आठवत नाही. दुसरीकडे खाते उघडून जुन्यावरची पत्रे तिकडे आपोआप जातील अशी सोय करावी, आणि जसजशी पत्रे येतील तसतसा त्या त्या ठिकाणी पत्ता बदलत जावे. ईमेलची व्यवस्था मुळातच खुली आहे, कोणत्याही कंपनीच्या खात्यावरून दुसऱ्या कोणत्याही कंपनीच्या खात्यावर पत्र पोहोचते, म्हणून इथे सोडणे वेळखाऊ असले तरी अशक्य नाही. जुन्या खात्यात मधूनमधून प्रवेश करत राहावे. सलग दोन वर्षे न वापरलेले खाते गुगल पुसू शकते.

प्रश्न : मोर्शी तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. व्यापाऱ्याला बाग न देता मी आंबिया बहाराची पेटी थेट नागपूर, पुण्याच्या ग्राहकांना पाठवतो. ऑर्डर येतात त्या समाजमाध्यमांवरूनच. मागच्या हंगामात त्यांपैकी एका ठिकाणचे माझे पान कारण न सांगता बंद झाले आणि ऐन तोडणीत ग्राहक तुटले. दाद मागायला माणूस भेटत नाही, यंत्राचे उत्तर येते. हे सगळे सोडून द्यावे असे वाटते.

उत्तर : भाऊ, आपला संताप रास्त आहे. फळ झाडावर थांबत नाही, आणि हंगामात आठ दिवस बंद राहिलेले पान नंतर सुरू होऊन उपयोग नसतो. तरीही सगळे सोडू नका. ग्राहक जिथे आहेत तिथे दिसावेच लागेल. त्यांच्यापर्यंत पोहोचण्याचा एकमेव रस्ता दुसऱ्याच्या हातात राहू नये, एवढे मात्र आजच साधता येईल.

पानाला किती हजार लोक जोडलेले आहेत हा आकडा मोठा दिसतो, पण ती माणसे तुम्हाला दुसरीकडे नेता येत नाहीत. यूट्यूबवरच्या सदस्यांचे नंबर किंवा पत्ते वाहिनी चालवणाऱ्याला मिळत नाहीत. पान गेले की त्यांच्याशी असलेला संबंध संपतो. मोबाईल नंबरचे तसे नाही. २० जानेवारी २०११ पासून देशभर कंपनी बदलूनही नंबर तोच ठेवता येतो, त्यामुळे नंबरावर बांधलेले नाते तुमच्याबरोबर राहते. म्हणून पेटी पाठवताना प्रत्येक ग्राहकाचे नाव, नंबर, गाव आणि किती पेट्या घेतल्या हे वहीत आणि संगणकावर दोन्हीकडे उतरवा, आणि पुढच्या बहाराला कळवू का, असे विचारून होकाराची खूण करा. पेटीत तुमच्या नंबराचा छापील कागद टाका. स्वतःच्या नावाचा वेबपत्ता घेऊन त्यावर भाव, तोडणीची तारीख आणि फोन नंबर एवढेच ठेवले तरी पुरते, आणि उद्या ते पान सांभाळणारी कंपनी बदलली तरी पत्ता तुमचाच राहतो. शेकड्याने एसएमएस पाठवायचे झाल्यास दूरसंचार नियमांप्रमाणे आधी नोंदणी करावी लागते. जुन्या पन्नास-साठ ग्राहकांना मात्र फोनच करावा. वरूड-मोर्शी भागात शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. वेबपत्त्याचे आणि ग्राहकांच्या यादीचे काम त्यांनी मिळून केले, तर एकट्यावर ओझे पडणार नाही.

प्रश्न : मी आर्वी येथे महाविद्यालयात शिकतो. परदेशी अ‍ॅप सोडून स्वदेशी वापरा, असे सगळीकडे सांगितले जाते. आमच्या वर्गाने ‘अरट्टई’ हे निरोपांचे देशी अ‍ॅप घेतले, पण आता कुणी उघडत नाही. सरकारने स्वदेशी अ‍ॅप सक्तीचेच केले तर हा प्रश्न सुटणार नाही का?

उत्तर : तुझ्या वर्गाची तळमळ मला पटते, तोडगा मात्र पटत नाही. आपल्या देशात चांगली अ‍ॅप बनलीच नाहीत असे नाही. हाइक २०१२ मध्ये सुरू झाले, काही काळ तरुणांत चांगले चालले आणि २०२१ च्या जानेवारीत बंद झाले. ट्विटरला पर्याय म्हणून २०२० मध्ये आलेले कू २०२४ च्या जुलैत बंद पडले. तमिळनाडूतील झोहो कंपनीचे अरट्टई २०२१ पासून आहे. २०२५ च्या सप्टेंबरात आवाहनांमुळे त्याच्यावर झुंबड उडाली. त्या वेळी त्यावरील कॉल कुलूपबंद होते, लिखित निरोपांना मात्र तसे संपूर्ण कुलूप नव्हते. परदेशी मोठ्या कंपनीलाही हे चुकलेले नाही: गुगलने सारी ताकद लावून २०११ मध्ये काढलेले गुगल प्लस २०१९ मध्ये सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाले. तेव्हा माणसे कुठे आहेत या प्रश्नापुढे मालकाचा देश कोणता, हा प्रश्न दुय्यम ठरतो. सक्ती करून सगळ्यांना एका देशी अ‍ॅपमध्ये नेले आणि त्याचेही दार आतून बंद असले, तर उद्या त्या मालकाच्या अटी आपल्याला तशाच निमूटपणे मान्य कराव्या लागतील.

माझ्या मते कायद्याने सक्ती करायची तर ती दारे उघडी ठेवण्याची करावी. अमेरिकेत १८९४ च्या सुमारास बेल कंपनीच्या टेलिफोनवरील मूळ पेटंटांची मुदत संपली आणि अनेक छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या; पण बेलच्या तारा त्यांना जोडलेल्या नव्हत्या. एकाच गावातील दुकानदाराला सगळ्या गिऱ्हाइकांसाठी दोन कंपन्यांचे दोन टेलिफोन ठेवावे लागत. सरकारने खटल्याचा दबाव आणल्यावर १९१३ मध्ये बेलची मालक असलेल्या एटी अँड टीने आपल्या लांब पल्ल्याच्या तारा स्वतंत्र कंपन्यांना जोडून देण्याचे मान्य केले. आज आपण कोणत्याही कंपनीच्या सिमवरून कोणत्याही कंपनीच्या सिमवर बोलतो, ते अशा जोडणीच्या नियमांमुळेच. निरोपांच्या अ‍ॅपना हा नियम लागू नाही. युरोपीय संघाने २०२२ च्या डिजिटल बाजारविषयक कायद्याने तो लावायला सुरुवात केली आणि २०२४ च्या मार्चपासून व्हॉट्सअ‍ॅपसारख्या मोठ्या सेवांवर दुसऱ्या अ‍ॅपशी जोडणी देण्याचे बंधन आले. हे काम सोपे नाही. दोन अ‍ॅप जोडताना निरोपांचे कुलूप ढिले पडू नये, ही तांत्रिक अडचण खरी आहे, आणि सिग्नलनेच खासगीपणाच्या कारणावरून अशा जोडणीला उत्साह दाखवलेला नाही. आपल्याकडे डिजिटल स्पर्धेच्या कायद्याचा मसुदा २०२४ च्या मार्चमध्ये मांडला गेला, पण तो मसुद्याच्या पुढे गेला नाही.

आपल्याच देशात याचे एक मोठे उदाहरण आहे, आणि ते दोन्ही बाजूंनी पाहिले पाहिजे. २०१६ मध्ये राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाने यूपीआय आणले. आर्वीच्या किराणा दुकानात फोनपेचा क्यूआर कोड लावलेला असला, तरी तू भीम किंवा बँकेच्या अ‍ॅपवरून पैसे देऊ शकतोस. दुकानदाराला काही विचारावे लागत नाही. सगळे जोडलेले असूनही फोनपे आणि गुगल पे या दोन अ‍ॅपकडे मिळून सुमारे ८० टक्के व्यवहार आहेत, आणि एका अ‍ॅपकडे ३० टक्क्यांहून अधिक व्यवहार नसावेत ही २०२० मध्ये घातलेली मर्यादा वारंवार पुढे ढकलत २०२४ मध्ये २०२६ च्या अखेरपर्यंत नेली गेली. म्हणजे दार उघडले म्हणून माणसे आपोआप बाहेर पडत नाहीत. सवय असते, दुकानातला आवाज देणारा डबा असतो, पहिल्यांदा कुणीतरी जे टाकून दिले तेच राहते. पण ज्याला जायचे आहे त्याला आज एकट्याने जाता येते, त्यासाठी साऱ्या गावाची संमती लागत नाही, आणि राहणाऱ्याशी मालकाला बरे वागावे लागते. दारव्ह्याच्या ताईंना निरोपांच्या बाबतीत नेमकी हीच मोकळीक मिळाली नाही. तू कायद्याचे किंवा संगणकाचे शिक्षण घेणार असशील, तर या जोडणीच्या प्रश्नावर काम कर. मराठीतून त्यावर लिहिणारी माणसे फार कमी आहेत.

प्रश्न : मी पुण्यात नोकरी करतो. आई घाटंजी तालुक्यातील गावी एकटी असते. आमचे रोजचे बोलणे तरी एका कंपनीच्या हाती नसावे असे वाटते, पण तिला नवे शिकवणे जमेल का?

उत्तर : जमेल, आणि या अंकातील पाच पत्रांत हेच काम सर्वांत सोपे आहे, कारण इथे ठरवणारी माणसे दोनच आहेत. फोनवरून समजावू नका. दिवाळीला गावी जाल तेव्हा आईच्या मोबाईलवर सिग्नल स्वतः टाकून द्या, त्याचे चिन्ह पहिल्याच पडद्यावर, तिच्या अंगठ्याला सापडेल अशा जागी ठेवा, आणि अक्षरे मोठी करा. तिच्या रोजच्या बोलण्यातली आणखी दोन माणसे, म्हणजे मावशी किंवा बहीण, त्याच वेळी जोडा; एकट्या मुलासाठी ठेवलेले अ‍ॅप तुम्ही कामात असलात की बंद राहते. व्हॉट्सअ‍ॅप काढू नका, गावचे निरोप तिला तिथेच मिळणार आहेत. पुण्याला परतल्यावर तुम्ही मात्र नेहमी नव्या ठिकाणाहूनच फोन लावा आणि नातवंडांचे फोटोही तिथेच पाठवा. सिग्नल मधूनमधून पिन विचारते, आणि तो आठवला नाही की म्हातारी माणसे घाबरून अ‍ॅप उघडणेच सोडतात. तिला सहज आठवेल असा पिन तिच्याकडूनच ठरवून घ्या, दोन-तीनदा तिच्याच हाताने टाकायला लावा, आणि दूध-किराण्याचा हिशेब ती ज्या वहीत लिहिते तिच्या मागच्या पानावर तिच्या अक्षरात लिहून ठेवा.